पोटभर आणि पैसेवसूल

निमंत्रणपत्रिका साधी आणि सुबक होती. वर भाकर व चषक यांचे चित्र, खाली नऊ वर्षांच्या मुलाचे नाव, त्याच्या प्रथम ख्रिस्तप्रसाद स्वीकाराची तारीख आणि दादरच्या चर्चमधील मिस्साची वेळ. शेवटच्या ओळीत स्नेहभोजनाचे स्थळ छापले होते : लोअर परळ येथील एक जपानी उपाहारगृह. पत्रिका हाती देताना मुलाचे वडील मोठ्या कौतुकाने म्हणाले, "अनलिमिटेड आहे. सुशी, तेम्पुरा, सगळे. हवे तितके खा. पोट रिकामे ठेवून या."

पुनरुत्थान सणानंतरच्या त्या रविवारी आम्ही गेलो. तिथे जे पाहिले आणि जे स्वतः केले, त्याविषयी चार शब्द लिहिल्यावाचून आम्हांस राहवत नाही. कोणा एका कुटुंबाला दोष देण्याचा हेतू नाही. तसा हेतू असता तर पहिला दोष आम्हांस स्वतःलाच द्यावा लागला असता.

उपाहारगृह एका जुन्या कापड गिरणीच्या आवारात आहे. दर माणशी दोन हजार रुपयांच्या वर, कर वेगळा. मेजावर एक छापील सूचना ठेवलेली होती. भोजनाची मुदत दोन तास. त्या दोन तासांत मागाल ते व मागाल तितके मिळेल. मात्र ताटात टाकलेल्या प्रत्येक तुकड्यामागे दंड आकारला जाईल. सूचना वाचून मंडळी हसली आणि कामाला लागली. काम हाच शब्द योग्य आहे. कारण थोड्याच वेळात त्या मेजावर भुकेची भाषा संपून हिशेबाची भाषा सुरू झाली. किती झाले, अजून किती हवेत, कोणता मासा महाग, कशाने लवकर पोट भरते, हेच बोलणे.

पांढऱ्या सदऱ्यातील तो मुलगा भाताच्या मुटक्यावर ठेवलेला माशाचा तुकडा भातासकट तोंडात घालू लागला, तेव्हा वडिलांनी त्याला थांबवले. "अरे, भात नको खाऊस. भाताने पोट भरते. वरचा मासा तेवढा खा. पैसे वसूल झाले पाहिजेत." मुलगा आज्ञाधारक आहे. त्याने मासा उचलला, भात ठेवला. मग दुसरा, मग तिसरा. पाहता पाहता त्याच्या ताटात पांढऱ्या भाताचे सात-आठ मुटके एका ओळीत उभे राहिले. तेवढ्यात वाढपी जवळ येताना दिसला आणि सर्वांना दंडाची आठवण झाली. एका मावशीने कागदी रुमाल पुढे केला, भात त्यात गुंडाळला गेला आणि पुडी हातपिशवीत गेली. सर्वांनी टाळ्या देत हसून घेतले. मुलगाही हसला, पण अंमळ उशिरा. आधी त्याने सर्वांच्या तोंडांकडे पाहून घेतले. आमच्या ताटातील चार मुटके त्याच पुडीत गेले, हे येथे नमूद करणे आमचे कर्तव्य आहे.

सकाळी दहाच्या सुमारास ज्या मुलाने आयुष्यात प्रथमच ख्रिस्तप्रसाद स्वीकारला, त्याने दुपारी दोन वाजता अन्न कसे लपवावे हे शिकून घेतले. शिकवणारे आम्ही होतो. आमचे भांडण आहे ते याच्याशी.

आमच्या भांडणाविषयी गैरसमज होऊ नये म्हणून ते कशाशी नाही हे आधी सांगतो. मासा कच्चा होता, परका होता, म्हणून आम्ही नाके मुरडत नाही. आपल्या घरातील पाव, मिरची, बटाटा, काजू हे सारे समुद्रापलीकडून आले, आणि आज त्यांच्यावाचून आपल्या एकाही सणाचे जेवण होत नाही. जपान तर आपणांस मुळीच परका नाही. संत फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून १५४९ साली कागोशिमा येथे उतरले. आपल्या वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया प्रथम व्यापारी म्हणून व पुढे फ्रान्सिस्कन संघाचे बंधू म्हणून त्या देशात राहिले. जपानी भाषा त्यांना इतकी उत्तम येत होती की, आपल्या संघबंधूंचे ते दुभाषी झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांना क्रुसावर मारण्यात आले, त्यांत ते होते. १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. ज्या देशाच्या मातीत आपल्या माणसाचे रक्त मिसळले, त्या देशाचे अन्न आपल्या मुलांनी चाखावे यात आम्हांस आनंदच आहे.

श्रीमंतांनी चांगले खाऊ नये, असेही आमचे म्हणणे नाही. कष्टाने मिळवलेल्या पैशातून वर्षातून एकदा उंची जेवण जेवणाऱ्या कुटुंबाला नावे ठेवणे हा आमच्या मते क्षुद्रपणा आहे. आमची हरकत एकाच गोष्टीला आहे, आणि ती म्हणजे ‘हवे तितके’ या सौद्याला. हा सौदा जेवणाऱ्याला सांगतो : तुझे पैसे आमच्याकडे आधीच जमा झाले आहेत, आता ते परत मिळवणे तुझ्या पोटाच्या हाती आहे. त्या क्षणापासून माणूस जेवत नाही, वसुली करतो. वसुली हा सावकाराचा शब्द आहे. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाबाहेर लाठी घेऊन उभा राहणारा पठाण जी करीत असे, ती वसुली. तोच शब्द आपण आता आपल्या मुलांना जेवणाच्या पानावर शिकवतो आहोत.

मौज अशी की, ज्या सुशीच्या नावाने हे चालले आहे, तिचा स्वभाव याच्या अगदी उलट आहे. सुशीचा उगम गरजेत झाला. मासा टिकावा म्हणून तो मिठात घालून शिजवलेल्या भातात महिनोन्‌महिने दाबून ठेवायचा, ही तिची मूळ रीत. आपल्याकडे पावसाळ्याच्या बेगमीसाठी बोंबील व जवळा वाळवतात, त्याच जातीची ही काटकसर. आज आपण ओळखतो ती, भाताच्या मुटक्यावर माशाचा तुकडा ठेवलेली सुशी एदो शहरात, म्हणजे आजच्या तोकियोत, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाली. १८२० च्या दशकातील हानाया योहेई या विक्रेत्याला तिचे श्रेय सहसा दिले जाते. ती रस्त्यावरच्या टपरीत उभ्याने, हाताने खाण्याची वस्तू होती. कामावर जाणारा माणूस एक-दोन मुटके तोंडात टाकून पुढे जाई. दादर स्थानकाबाहेर १९६६ च्या सुमारास वडापाव सुरू झाला आणि घाईतल्या कामगाराची भूक भागू लागली, तीच जागा एदोमध्ये सुशीची होती. भात हा तिचा पाया आहे. भातावाचून सुशी नाही. मासा ओरबाडून भात टाकणे म्हणजे वडा खाऊन पाव गटारात फेकण्यासारखे आहे.

पुढे १९५८ साली जपानमध्ये दोन गोष्टी घडल्या. त्या शेजारी शेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत. ओसाकाजवळच्या कारखान्यांच्या वस्तीत शिराइशी योशिआकी या गृहस्थांनी फिरत्या पट्ट्यावर सुशी वाढणारे पहिले दुकान काढले. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकत जाणाऱ्या बाटल्या पाहून त्यांना ती कल्पना सुचली. गिऱ्हाईक होते आसपासच्या लहान कारखान्यांतील कामगार, आणि सुशी त्यांच्या खिशाला परवडावी हा उद्देश होता. तिथे पट्ट्यावरून हवी ती बशी उचलावी आणि शेवटी रिकाम्या बश्या मोजून तेवढेच पैसे द्यावेत अशी पद्धत रुजली. जेवढे खाल्ले तेवढे समोर रचलेले दिसते. त्याच वर्षी तोकियोच्या इम्पीरियल हॉटेलने युरोपातील रीत पाहून एकदाच पैसे भरून वाटेल तितके खाण्याचे दालन उघडले आणि त्याला ‘व्हायकिंग’ असे नाव दिले. जपानमध्ये अशा जेवणाला आजही त्याच नावाने ओळखतात. उत्तरेकडील समुद्रांवर लुटालूट करीत हिंडणाऱ्या दर्यावर्दी टोळ्यांचे ते नाव जेवणाच्या दालनाला मिळावे, याहून बोलका योगायोग कोणता?

एकाच वर्षी जन्मलेल्या या दोन रीतींपैकी गिरणगावच्या भूमीवर कोणती शोभली असती, हे आम्ही सांगण्याची गरज नाही. कोणती आली, ते आपण पाहतोच.

येथे आम्हांस त्या जागेविषयी बोलणे भाग आहे. कारण जेवण कोठे मांडले आहे याला महत्त्व असते. परळ, लालबाग, लोअर परळ, दादर हा सारा गिरण्यांचा मुलूख. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप कधी रीतसर मिटला नाही. गिरण्या मात्र एकामागून एक मिटल्या. गिरण्यांच्या सुमारे ६०० एकर जमिनीचे काय करावे, हा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या नियमावलीने जमिनीची मोकळ्या जागा, सार्वजनिक घरे आणि मालक अशी तीन हिश्श्यांत वाटणी सुचवली होती. १९९६ साली शासनाने वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. दादरच्या गोखले मार्गावरील ज्या पोर्तुगीज चर्चमध्ये आमच्या त्या मुलाची मिस्सा झाली, त्याची आजची वास्तू ज्यांनी रचली तेच हे कोरिया. साऱ्या गिरण्यांच्या जमिनीचा एकत्र विचार करून मोकळी मैदाने आणि घरे यांना जागा ठेवावी, अशी त्या गटाची दिशा होती. २००१ साली नियम बदलला आणि वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. २००६ च्या मार्च महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. मैदानांच्या जागी बाजार आणि उपाहारगृहे उभी राहिली, त्यामागचा इतिहास हा असा आहे.

या मुलखात ‘हवे तितके’ जेवण पूर्वीही मिळत असे. त्याला खाणावळ म्हणत. कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार बायकामुले गावी ठेवून एका गाळ्यात दहा-पंधरा जणांबरोबर राही आणि महिन्याचे ठरलेले पैसे देऊन एखाद्या बाईकडे जेवी. तिथेही पैसे एकदाच दिलेले असत. भाकरी-भाताला सहसा मोजमाप नसे. म्हणजे व्यवहार वरवर पाहता तोच. मग कोणी गिरणी कामगार भाकरी ठेवून नुसते कालवण ओरपून ‘वसुली’ करीत असे काय? एखादा करीतही असेल. खाणावळीतल्या खादाडांच्या विनोदी गोष्टी आपणही ऐकल्या आहेत. पण त्या विनोदी होत्या, याचा अर्थच असा की, तसे वागणारा हसण्याचा विषय होता, अनुकरणाचा नव्हे.

फरक कोठे होता? वाढणारी बाई समोर होती. तिची चूल, तिची मुले, तिचा वाण्याकडचा उधारखाता, सारे जेवणाऱ्याला ठाऊक होते. त्याने जास्तीची भाकरी घेतली तर ती कोणाच्या पानातून येते हे त्याला दिसत होते. आणि तो रात्रपाळीहून आला की, त्याला किती लागेल हे तिला न विचारता कळत होते. या बायकांचे कष्ट आम्ही गोड करून सांगू इच्छित नाही. पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत चुलीसमोर बसणाऱ्या त्या स्त्रिया सावकाराच्या व्याजाखाली पिचलेल्या होत्या. म्हणूनच प्रेमाताई पुरव यांना १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून त्यांच्यासाठी बँकेच्या कर्जाची वाट मोकळी करावी लागली. पुढे संपात कामगारांची मिळकत थांबली तेव्हा खाणावळींची उधारी थकली, आणि गिरण्यांबरोबर अनेक चुलीही विझल्या. त्या व्यवस्थेत अन्याय होता. परंतु जेवणाऱ्याची भूक आणि वाढणारीचे कष्ट यांच्यामध्ये भिंत नव्हती. पोटभर याचा अर्थ पोट भरेपर्यंत असाच होता. त्यापुढे खाणे हे लाभाचे नव्हे, लाजेचे होते.

गिरगावात खोताच्या वाडीत, आपल्याच समाजाच्या घरांच्या शेजारी, ‘अनंताश्रम’ नावाची खाणावळ होती. ती आता नाही. माशाची आमटी आणि भात खाण्यासाठी लांबून माणसे येत. तिथे कोणी लाडीगोडी करीत नसे, जेवण झाल्यावर रेंगाळणेही चालत नसे. तरीही तिची आठवण काढताना जुन्या माणसांचा स्वर बदलतो. पैसे वसूल झाले म्हणून नव्हे, तर जेवण झाले म्हणून.

आता आमच्या म्हणण्यावर येणाऱ्या आक्षेपांना उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप : पैसा आमचा, पोट आमचे, तुम्ही कोण? याचे उत्तर असे की, पैसा तुमचा असला तरी मासा तुमच्या पैशाने निर्माण झालेला नाही. त्या मेजावर सर्वाधिक खपणारा केशरी सामन मासा जपानी परंपरेतला म्हणून आपण भाबडेपणाने खातो. वास्तविक जपानी लोक आपल्याकडील सामन जंतांच्या भयाने कच्चा खात नसत. १९८० च्या दशकात नॉर्वेने आपल्या मत्स्यशेतीतील सामन खपावा म्हणून मोठी मोहीम काढली, तेव्हा तो सुशीवर आला. हा मासा पिंजऱ्यात वाढवतात. त्याच्या खाद्यात इतर लहान माशांची भुकटी व तेल घालतात, आणि इथवर तो विमानातून बर्फात येतो. आपला कोळी बांधव पावसाळ्यात होडी किनाऱ्याला ओढतो आणि नारळी पौर्णिमेची वाट पाहतो. मासळीला अंडी घालण्यास अवधी मिळावा म्हणून शासनही जून-जुलैत मासेमारी बंद ठेवते. दर्यालाही उपवासाचे दिवस आहेत. ‘हवे तितके’च्या मेजाला मात्र ऋतू नाही आणि उपवास नाही. इतक्या लांबून, इतक्या खर्चाने आणलेला मासा आम्ही भुकेने खाल्ला असता तर एक वेळ समजण्यासारखे होते. आम्ही तो हिशेबाने खाल्ला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लोक म्हणतात, या उपाहारगृहांत आपल्याच मुलांना नोकऱ्या मिळाल्या. गिरण्या गेल्याचे रडगाणे किती दिवस गाणार? यात तथ्य आहे, आणि त्या नोकऱ्या टिकाव्यात अशीच आमची इच्छा आहे. पण नोकरी अन्न रांधण्याने व वाढण्याने मिळते, अन्न पुडीत बांधून कचऱ्यात टाकण्याने मिळत नाही. ज्या आचाऱ्याने तो भात धुतला, शिजवला, शिरका घालून वाऱ्यावर निववला आणि हाताने एकेक मुटका वळला, त्याच्या कामाचा मान आम्ही कोणत्या तोंडाने सांगावा? जपानमध्ये भात नीट करायला शिकण्यातच उमेदवाराची वर्षे जातात. जेवणापूर्वी तिथे ‘इतादाकिमासु’ म्हणतात. मी हे नम्रपणे स्वीकारतो, असा त्याचा भाव आहे. वस्तू वाया गेली की ‘मोत्ताईनाई’ म्हणून हळहळतात. आपण त्यांचा मासा घेतला, काड्या घेतल्या, हिरवी झणझणीत वासाबी घेतली. हे दोन शब्द तेवढे तिथेच राहिले.

तिसरा आक्षेप आपल्याच घरातला आहे, आणि तो आम्हांस मान्य आहे. आपल्या लग्नांत काय कमी नासाडी होते? आग्रह करकरून वाढायचे आणि पानात टाकायचे, ही रीत आपलीच ना? होय, आपलीच. मांडवातील त्या नासाडीचेही आम्ही समर्थन करीत नाही. तरी एक भेद ध्यानी घ्यावा. पंगतीत आग्रह करणारा यजमान आपल्या पदरचे देतो. पाहुण्याच्या पानात जास्त पडावे म्हणून तो धडपडतो. हा अतिरेक देण्याचा आहे. तो आवरता येतो. ‘हवे तितके’च्या मेजावरील अतिरेक घेण्याचा आहे, आणि त्याला प्रेमाचे निमित्तही नाही.

वाचकांना एका शब्दाची गोष्ट सांगावीशी वाटते. त्या दिवशी सुशीच्या जोडीला तेम्पुरा होता : पिठात बुडवून तळलेल्या कोळंब्या आणि भाज्या. सोळाव्या शतकात पोर्तुगीज धर्मगुरू आणि व्यापारी जपानमध्ये गेले, तेव्हा ही तळण्याची रीत त्यांच्याबरोबर गेली. ख्रिस्तसभेत तेव्हा वर्षातून चार वेळा, ऋतू पालटताना, बुधवार, शुक्रवार व शनिवार असे तीन तीन दिवस उपवास पाळत. लॅटिन भाषेत त्यांना ‘क्वातुओर तेम्पोरा’, म्हणजे चार समय, असे नाव होते. त्या दिवसांत मांस वर्ज्य असल्यामुळे मासे आणि भाज्या तळून खात. मसाला या अर्थाच्या एका पोर्तुगीज शब्दाकडेही काही जण बोट दाखवतात. तरी पुष्कळ अभ्यासकांनी तेम्पुरा या नावाचे मूळ त्या उपवासाच्या तेम्पोरात शोधले आहे. हे खरे असेल तर उपवासाच्या नावाचा पदार्थ आम्ही ‘हवा तितका’ खाऊन आलो. क्योतो येथे संत गोन्सालो आणि त्यांचे सहकारी कुष्ठरोग्यांची सेवा करीत होते, तिथूनच त्यांना पकडून कडाक्याच्या थंडीत नागासाकीपर्यंत चालवत नेले. तेम्पोराचा उपवास त्यांनीही त्या देशात पाळला असेल. त्याच तेम्पोराच्या नावाचा पदार्थ समोर आला तेव्हा आम्ही आणखी एक बशी मागवली.

‘हवे तितके’ ही कल्पना आपल्या धर्मग्रंथालाही अपरिचित नाही. अरण्यात इस्राएल लोकांना मान्ना मिळाला, तोही ज्याला लागेल तितकाच गोळा करायचा होता. माणशी एक ओमर हे माप ठरलेले होते. ज्याने अधिक गोळा केला त्याला उरले नाही, ज्याने कमी गोळा केला त्याला उणे पडले नाही. हावरेपणाने दुसऱ्या दिवसासाठी ठेवला त्याच्या मान्नात किडे पडले. तिथे माप भुकेचे होते. आणि संत पौलांनी करिंथ येथील मंडळीची कानउघाडणी केली ती प्रभुभोजनाच्या प्रसंगावरूनच. काही जण यथेच्छ खात-पीत आणि काही उपाशी राहत, हे त्यांना सहन झाले नाही. प्रथम ख्रिस्तप्रसादाचे जेवण कोठे आणि कसे करावे हा प्रश्न क्षुल्लक आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी त्या पत्राचे स्मरण करावे.

मग करायचे काय? आमची सूचना साधी आहे. ज्यांना सुशी आवडते त्यांनी ती अवश्य खावी. मागवताना मुटक्यावर मागवावी, जितकी भूक तितकी, आणि भातासकट खावी. चार मुटके खाऊन पोट भरले तर चार मुटक्यांचे पैसे देऊन समाधानाने उठावे. जेवण तसे महाग पडेल असे कोणी म्हणेल. पडू दे. महाग वस्तू थोडी खावी, हा शहाणपणा आपल्या आजीलाही होता. सुरमईची तुकडी पानात एकच पडे, आणि ती सोडून भात टाकण्याचे धाडस घरात कोणाला नव्हते.

साक्रामेंतांच्या दिवशी मात्र ‘हवे तितके’चा सौदा कोणत्याही धर्मग्रामस्थाने करू नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. बाप्तिस्मा, प्रथम ख्रिस्तप्रसाद, लग्न, या दिवशी जेवण घरी करा, चर्चच्या सभागृहात करा, हॉटेलात करायचे तर वाढून देणाऱ्या हॉटेलात करा. धर्मशिक्षणाच्या वर्गात वर्षभर मुलांना भाकरीचा अर्थ समजावून सांगणाऱ्या शिक्षिकांचे कष्ट एका दुपारीत पुसू नका. पालकांच्या सभेत हा विषय निघावा, असे आमचे मत आहे.

त्या दिवशी उपाहारगृहातून बाहेर पडताना मुलगा आमच्या शेजारून चालत होता. त्याने विचारले, "काका, त्या पुडीतला भात आता कोणाला देणार?" मावशीने ती पुडी जिन्याजवळच्या कचऱ्याच्या डब्यात केव्हाच टाकली होती. आम्ही ते पाहिले होते. मुलाला आम्ही काहीतरी थातुरमातुर सांगितले. खरे सांगण्याचा धीर आम्हांस झाला नाही. निदान या पानावर तरी ते सांगून ठेवतो : बाळा, तो भात कोणालाच दिला नाही. तो टाकला, आणि टाकणाऱ्यांत आम्हीही होतो. तुझ्या धाकट्या बहिणीचा प्रथम ख्रिस्तप्रसाद दोन वर्षांनी आहे. तेव्हाचे जेवण आमच्या घरी होईल, आणि ताटातला भात आधी आम्ही संपवू.